टाकीतलं तीर्थ

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा नाही, आणि जिल्ह्याबाहेर कुठे असलाच तर मामांना त्याचा संशय येईल. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस डोळ्यांसमोर उभी असते, धार डोळ्यांसमोर निघते, ग्लास डोळ्यांसमोर भरतो, तरी मामा गवळ्याला आधी म्हणणार, "हात दाव." मुठीत पाणी लपवलं नाही ना, हे बघायचं असतं. एसटी स्टँडवरच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नाही, कॅलेंडरातल्या चतुर्थीवर नाही, मिसळवाल्याच्या 'आत्ताच केलीय' वर तर नाहीच नाही. मागे एकदा पोट दुखायला लागलं म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रीतीप्रमाणे विचारलं, काल काय खाल्लं होतंत? मामा म्हणाले, "डॉक्टर, मी काय सांगतोय त्याच्यावर जाऊ नका. तुमी पोट बगा." स्वतःच्या पोटाच्या बाबतीत स्वतःचीही साक्ष न मानणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

हा संशय काही जन्मजात नव्हे, तो धंद्यातून आलेला आहे. मामा मुरगूडचे. एका साखर कारखान्याच्या गॅरेजमध्ये त्यांनी पस्तीस-छत्तीस वर्षं जीपगाड्या आणि साहेबलोकांच्या मोटारी दुरुस्त केल्या, आणि त्यातही त्यांचा जीव कार्बोरेटरमध्ये. हल्लीच्या गाड्यांत हा प्रकारच उरलेला नाही, म्हणून सांगतो : पेट्रोल आणि हवा प्रमाणात कालवून इंजिनाला भरवायची, हे त्याचं काम. त्यात एक छोटं भांडं असतं, पेट्रोल आधी तिथे जमतं. मग ते जेट नावाच्या पितळी खिळ्यातल्या सुईच्या नेढ्याहूनही बारीक भोकातून पुढे जातं. त्या भोकात धुळीचा एक कण अडकला की भली दांडगी मोटार मटकन बसते. मामा म्हणतात, गाडी कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो मालक. म्हणून गाडी समोर आली की ते बॉनेट उघडतच नाहीत. आधी मालकाला बसवतात, चहा सांगतात आणि चौकशी सुरू करतात. पेट्रोल कुठं भरलं, कवा भरलं, कशात आणलं, शेवटची गाडी कुणी चालवली, मेव्हण्याला दिली होती का, मेव्हणा कसा आहे. एका नामांकित वकिलाने पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं होतं. तासभर त्याने दाद दिली नाही. दुसरा चहा आला तेव्हा मामांनी नुसतं एवढंच विचारलं, "वकीलसाहेब, घरात स्टो पेटतोय न्हवं?" आणि वकिलाने आरोपीसारखी मान खाली घातली.

माझी आणि मामांची पहिली ओळख अशाच एका चौकशीत झाली, आणि ती माझ्या लग्नादिवशी. मुरगूडहून वरात निघाली होती. आमच्या बाबांची जुनी मोटार, तेव्हाही ती जुनीच होती, फुलांनी मढवलेली, बाबा स्वतः चालवत होते, मागे मी आणि नवी नवरी. कागलच्या अलीकडे गाडीने दोन गचके दिले आणि रस्त्याच्या कडेला मान टाकली. मागच्या टेंपोतून गुलाबी फेट्यातला एक उंच गृहस्थ उतरला, बाबांसमोर हात जोडून उभा राहिला आणि अतिशय अदबीने म्हणाला, "व्याही, पेट्रोल डब्यातनं आणलंतसा?" बाबा हो म्हणाले. "डबा कशाचा हुता?" डबा शेंगतेलाचा होता. आईने तो धुऊन दिला होता, पण आईच्या धुण्यावर मामांचा विश्वास बसण्याचं काही कारण नव्हतं. त्यांनी भर रस्त्यात कार्बोरेटर खोलला, जेट तोंडात धरून फुंकला, भांडं आपल्या नव्या कोऱ्या फेट्याच्या शेवाने पुसलं आणि सातव्या मिनिटाला गाडी चालू केली. नवरा-बायको म्हणून आम्ही दोघांनी मिळून घेतलेला पहिला वास हा पेट्रोल आणि शेंगतेलाचा. बाबा त्या दिवसापासून मामांचे भक्त झाले. गाडीला हात लावायचा तर तो मामांनीच, असा घरात दंडक पडला.

आता या संशयी माणसाच्या संशयाला एकच अपवाद होता, आणि तो म्हणजे मी. माझ्या अंगी काही गुण होते म्हणून नव्हे, मी जावई होतो म्हणून. आमच्याकडे भाचीचा नवरा म्हणजे पावणं. पावण्यांना पहिलं ताट, पावण्यांना पाट, आणि पावण्यांचा शब्द म्हणजे पुढे बोलणं नको. मामा मला 'तुमी' म्हणत, माझ्यापेक्षा वयाने दुप्पट असून मी खोलीत आलो की उठून उभे राहत. मला रागावणं तर त्यांच्या धर्मात बसतच नव्हतं. एकदा मी शहाणपणा करून जेटच्या भोकात टाचणी घातली आणि भोक मोठं करून ठेवलं. दुसरा कुणी असता तर मामांनी त्याला हमरस्त्यावर उभा सोलला असता. माझ्यासमोर त्यांनी ती टाचणी हातात धरली आणि तिला पाच मिनिटं झापलं. हिला काय अक्कल हाय का, कुठं घुसावं, कुठं न घुसावं, आईबापांनी काय शिकवलंय हिला. मी शेजारी उभा राहून टाचणीकडे सहानुभूतीने बघत होतो.

मी इथल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. वैज्ञानिक दृष्टिकोन या विषयावर माझं एक भाषण तयार आहे, ते मी मागणीप्रमाणे पंधरा मिनिटांपासून दीड तासापर्यंत कमी-जास्त करून देतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड असतं आणि म्हणून तळाशी बसतं, हे मी सव्वीस वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवत आलो आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे मी केलं ते अज्ञानाने केलं असं कुणाला वाटू नये.

बाबा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. बाबा दर गुरुवारी तिच्यातून नृसिंहवाडीला दत्ताला जायचे, म्हणून मीही बायकोला घेऊन जायला लागलो. देव मी मानतो का? कुणी विचारलं तर मानत नाही असं सांगतो, एवढंच. दत्तजयंतीनंतरच्या पहिल्या गुरुवारी परत येताना हातकणंगल्याजवळ गाडी गचके खायला लागली. बाबांच्या वस्तूंपैकी चालती-बोलती अशी ही एकच उरली होती. त्यांचा चष्मा, छत्री, कोट, सगळं गप्प झालेलं. ही तेवढी अजून तोच आवाज काढायची. ती माझ्या हातून बंद पडली तर? बायको रसवंतीवर रस प्यायला उतरली होती. मागच्या सीटवर वाडीच्या तीर्थाची बाटली होती. मी इकडेतिकडे बघितलं, टाकीचं झाकण उघडलं आणि पळीभर तीर्थ आत सोडलं. आणि काय सांगू, गाडी सुतासारखी सरळ घरापर्यंत आली. ती का आली हे आज मला कळतं. तेवढ्या घोटभर पाण्याला टाकीभर पेट्रोलात काही करायला सवडच झाली नव्हती. पण त्या दिवशी या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने एका निरीक्षणावरून एक सिद्धांत मांडला आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा पळीभर घातलं.

झालं. थोडं थोडं करत पाणी तळाशी बसलं, तिथून कार्बोरेटरच्या भांड्यात आलं आणि गाडी खरोखरच आजारी पडली. गाडी जितकी जास्त अडकायची तितकं मी जास्त तीर्थ घालायचो, आणि मी जितकं जास्त घालायचो तितकी ती जास्त अडकायची. पळीची वाटी झाली, वाटीची अर्धी बाटली झाली. बायको म्हणायला लागली, हल्ली तीर्थ फार लवकर संपतंय. मी म्हणालो, हवा कोरडी आहे.

मामांना बोलावणं गेलं. रविवारी सकाळच्या गाडीने ते आपली पत्र्याची हत्यारपेटी घेऊन मुरगूडहून आले. पावण्यांची चौकशी करायची नसते, म्हणून यावेळी चहा न पिताच बॉनेट उघडलं. कार्बोरेटरचं भांडं सोडवून त्यांनी उन्हात धरलं. तळाशी पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा लकाकत होता. मामा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग अगदी संकोचाने, माफी मागितल्यासारखं त्यांनी विचारलं, "पावणं, टाकीत पेट्रोल सोडून आनी काय गेल्यालं न्हाई न्हवं?"

खरं सांगायची ती वेळ होती. पण चहाचा ट्रे घेऊन बायको दारात उभी होती. बावीस वर्षं मी तिच्या उपासांवर विनोद करत आलो होतो. मी म्हणालो, "छे."

एवढंसं ते 'छे'. मामांनी ते देवाच्या कौलासारखं मानलं. मग पाणी आलं कुठून? पाऊस तर दिवाळीलाच संपलेला. मामांनी पहिला संशय पेट्रोल पंपावर घेतला. पंप बदलला. दुसरा संशय टाकीच्या झाकणावर घेतला. झाकण बदललं. तिसरा घेतला तो इथेनॉलवर, आणि तो घेताना त्यांचा चेहरा उतरला. हल्ली पेट्रोलमध्ये उसापासून काढलेलं इथेनॉल मिसळतात, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं, हे त्यांना ठाऊक होतं. सारी हयात ज्या उसाच्या कारखान्याचं मीठ खाल्लं तोच ऊस म्हातारपणी कार्बोरेटरमध्ये येऊन बसला, याचं त्यांना फार वाईट वाटलं. मी आनंदाने त्या संशयात सामील झालो. इथेनॉलच्या पाणी ओढण्यावर मी मामांना अर्धा तास व्याख्यान दिलं, आकृतीसकट. माणूस किती निर्लज्ज होऊ शकतो याचा मला तेव्हा अंदाज आला.

यात मी तीर्थ घालणं थांबवलं का नाही, असं तुम्ही विचाराल. थांबवलं होतं की. मामांना बोलावण्याआधीच्या एका गुरुवारी मन घट्ट करून घातलं नाही. तर टाकीत आधीचंच इतकं साठलेलं होतं की गाडी शिरोळच्याही पुढे आली नाही. मी घाबरलो, म्हटलं महाराज रागावले, आणि पुढच्या गुरुवारी अख्खी बाटली रिकामी केली. त्यानंतर मामांनी टाकी कितीही धुतली तरी गुरुवार चुकवायची माझी छाती झाली नाही.

असे अकरा रविवार गेले. मामा येत, टाकी रिकामी करत, धुवत, वाळवत, कार्बोरेटर खोलत, फुंकत, बसवत. संध्याकाळी गाडी गाणं म्हटल्यासारखी चालायची आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा मान टाकायची. आणि हळूहळू मामा बदलायला लागले. बोलणं कमी झालं. एकदा कट्ट्यावर दूध प्यायला नेलं तर गवळ्याचा हात न बघता ग्लास तोंडाला लावला. मिसळ पुढे आली तशी मुकाट्याने खाल्ली. एसटी स्टँडवरच्या घड्याळाप्रमाणे ते गाडीला जायला लागले. मामींचा बायकोला फोन आला की मामा धड जेवत नाहीत, अंगणात बसून नुसते हाताच्या तळव्यांकडे बघत असतात. बायकोने मला विचारलं, मामांना काय झालं असेल हो? मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

बाराव्या रविवारी मामा आले ते काम करायला नाहीच. पायरीवर बसले, पत्र्याची पेटी उघडली, एकेक पाना फडक्याने पुसून परत जागेवर ठेवला. झाकण लावलं आणि पेटी माझ्या पायांजवळ सरकवली.

"पावणं, ही तुमच्याकडं ऱ्हाऊ दे. दुसरा मिस्त्री बगा. माझा हात गेला."

मी पेटी परत त्यांच्याकडे सरकवली. ते शांतपणे म्हणाले, "पन्नास वर्सं मी मालकाला दोष दिला. गाडी खोटं बोलत न्हाई. आनी मालक तर तुमी हाईसा, तुमी खोटं बोलनार न्हाई. म्हंजे राह्यलं कोन? मीच की."

त्यांचा हिशेब बिनचूक होता. फक्त त्यातली एक रक्कम खोटी होती आणि ती मी घातलेली होती. मामा खाली बघत होते. मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की बायको दारात आहे, शेजारचे गॅलरीत आहेत, सगळं विसरलो.

"मामा, मी टाकीत तीर्थ घातलं."

"कसलं तीर्थ?"

"वाडीचं. दर गुरुवारी. दत्तजयंतीपासून."

मामांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत तो जुना संशय हळूहळू परत येताना मी पाहिला, आणि तो बघून मला जितका आनंद झाला तितका पगारवाढीनेही कधी झाला नव्हता. त्यांनी भाचीला चहा ठेवायला सांगितलं. मला समोर बसवलं. किती घातलं, कशानं घातलं, झाकण कुठल्या हातानं उघडलं, कोण बघत होतं, सगळं वदवून घेतलं. वकिलासारखा वकील जिथे टिकला नव्हता तिथे मी काय टिकणार? शेवटी त्यांनी विचारलं, का घातलं? मी सांगितलं की बाबांची गाडी आहे, ती बंद पडली असती तर मला सहन झालं नसतं.

मामा उठले. आपले दोन्ही हात उलटसुलट करून त्यांनी उन्हात धरले, नखांतल्या काळ्या रेघांसकट, आणि हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "म्हंजे हात हाय की माझा," ते भाचीला म्हणाले, "हात हाय अजून." आणि मग ते माझ्याकडे वळले. बावीस वर्षांत जे जे टाचणीला, पंपाला, झाकणाला आणि इथेनॉलला ऐकावं लागलं होतं ते सगळं माझ्या वाट्याचं होतं, ते त्यांनी मला व्याजासकट दिलं. पुस्तकं वाचून डोकं नासलं, पोरांना काय शिकवतोस कपाळ, देवाला टाकीत बुडवलास आणि मामाला गटारीपाशी बसवलास. गटार म्हणताच ते स्वतःच थबकले. अकरा रविवार भांड्यातलं ते पाणी त्यांनी आमच्या गटारात ओतलं होतं. त्यांनी घाईघाईने चपला काढल्या आणि गटाराला हात जोडले. बायकोही हात जोडून उभी राहिली. मी जोडू की नको या विचारात होतो, तर मामा ओरडले, "जोड की." मी जोडले.

त्या दिवसापासून माझं पाहुणेपण संपलं. पाट गेला, पहिलं ताट गेलं, खोलीत शिरलो तर मामा उठत नाहीत. उलट पाना कुठे ठेवलास म्हणून विचारतात. पेटी अर्थातच ते त्याच दिवशी परत घेऊन गेले. टाकीत मी पेट्रोलशिवाय आजवर काही घातलेलं नाही. वाडीला जातो, तीर्थ घेतो, ते पितो आणि गप्प बसतो. गाडी छान चालते.

छान चालते, म्हणजे परवापरवापर्यंत चालत होती. मामांनी यंदा ऐंशी ओलांडली. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि जेट बसवताना त्यांची बोटं आता खरोखरच थरथरतात. गेल्या महिन्यात त्यांनी कार्बोरेटर साफ करून बसवला आणि भांड्याचा एक स्क्रू अर्धाच पिळला. दोन दिवसांत पेट्रोल गळायला लागलं, गाडी पुन्हा गचके खायला लागली. स्क्रू मला दिसला होता. पण गाडी अडकते हे बायकोने त्यांना फोनवर आधीच सांगितलं होतं, म्हणून ते येण्याआधी मी तो गुपचूप घट्ट करून ठेवला आणि गाडी पुसून घेतली.

मामा आले, पायरीवर बसले. गाडी आता नीट चालू होत होती, पण मधे का अडकली याचं उत्तर त्यांना हवं होतं. त्यांनी आपल्या बोटांकडे एकदा बघितलं, चटकन नजर काढून घेतली आणि माझ्याकडे रोखून विचारलं, "खरं सांग. काय घातलंस टाकीत?"

मी मान खाली घातली.

"गुरुवारी, मामा," मी म्हणालो. "पळीभर."

मग त्यांनी चहा मागवला, आणि मला चांगलं तासभर झापलं.